दुसरी प्रत घाटावर असू दे

चि. सुयोग यास,



तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देते, कारणं मागाहून. चार डिस्कची एनएएसची पेटी, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायची साठवणीची पेटी, आत्ता घेऊ नकोस. तिच्यासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून आठ-आठ टीबीच्या तीन डिस्क घे. एक टीव्हीपाशी राहील, दुसरी घरातच पण बंद डब्यात, आणि तिसरी श्रीवर्धनाहून ताम्हिणी घाट चढून माझ्याकडे पुण्याला येईल. सिनेमांचा संग्रह सहा टीबीचा आहे म्हणतोस. आठ टीबीची डिस्क संगणकावर ७.२७ टीबीच दिसेल, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या. फसवणूक नव्हे ती, पण हिशेब करताना फरक धर. तरी टीबीभर जागा उरतेच.

पेटीवर तुझा जीव का जडला ते कळतं मला. दुकानदाराने सांगितलं की रेड लावलं की एक डिस्क मेली तरी काही जात नाही. तेवढ्यापुरतं ते खरं आहे. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर एकाच क्षणी तेच लिहिलं जातं. म्हणून तू चुकून एखादं फोल्डर पुसलंस तर तेही दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. विजेचा दाब चढला तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत, एकाच अडॅप्टरवर. पाणी शिरलं, चोरी झाली, पेटीतलं सॉफ्टवेअर बिघडलं, तरी दोघींचं नशीब एकच. जिथे तासभर काम बंद पडलं तर नुकसान होतं अशा कचेरीत रेड हवंच. आपल्या घरी रविवारचा सिनेमा सोमवारी बघितला तर काही अडत नाही. तुला अखंड चालू राहणारं यंत्र नको आहे, तुला सिनेमे टिकवायचे आहेत. त्यासाठी एकमेकींपासून लांब असलेल्या प्रती लागतात.

मी लॉ कॉलेज रस्त्याने जाते तेव्हा राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची पाटी दिसते. १९६४ साली ते सुरू झालं, तोवर आपल्याकडच्या मूकपटांपैकी बहुतेक सगळे नाहीसे झालेले होते. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. हिंदुस्थानातला पहिला बोलपट, तुफान गर्दीचा. आज त्याची एकही प्रत कुठे नाही. ज्या नाटकावरून तो घेतला ते जोसेफ डेव्हिड पेणकरांचं. आडनावावरूनच ओळखशील, माणूस मुळात आपल्या पेणकडचा, बेने इस्राएल समाजातला. जो सिनेमा बघायला लोकांची रीघ लागली होती तो असा समूळ जातो, तर नानांनी जमवलेल्या व्हीसीडींची काय कथा? पुढे ८ जानेवारी २००३ला इथेच, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, नायट्रेटच्या रिळांच्या कोठाराला आग लागली. नायट्रेटची फिल्म पेटली की विझवता येत नाही, जळायला लागणारा प्राणवायू ती स्वतःच पुरवते. प्रभातच्या चित्रपटांची मूळ रिळं त्यात गेली. तरीही ‘संत तुकाराम’ आपण आज बघू शकतो, ते त्याच्या प्रती दुसरीकडे होत्या म्हणून.

आणि आपल्याला आगीची गोष्ट तरी कशाला हवी? ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्याला धडकलं. तू तेव्हा दहावीत होतास, तुला सगळं आठवत असेल. माजघरावरची कौलं उडाली आणि भर दुपारी घरात पाऊस पडत होता. दिवेआगरपासून श्रीवर्धनपर्यंत पोफळी काडीसारख्या मोडल्या. वीज कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे आली नाही. त्या दिवशी त्या घरात दहा डिस्कची पेटी असती तरी तिचं जे व्हायचं तेच झालं असतं. म्हणून तिसरी डिस्क श्रीवर्धनात शेजारच्या आळीत, मित्राकडे ठेवायचा विचार मनात आणू नकोस. एकच वादळ दोन्ही घरांवरून जातं. प्रत समुद्रापासून लांब, घाटावर हवी.

आता संग्रहाकडे वळू. तू पाठवलेली यादी मी नीट वाचली. त्यात तीन जातीचे सिनेमे आहेत आणि त्यांना सारखी वागणूक द्यायची गरज नाही.

पहिली जात टेलिग्रामवरून उतरवलेल्यांची. ते पुसून टाक. फुकट मिळालेला चोरीचा माल साठवायला तू डिस्क विकत घेणार, हे मला पटत नाही, आणि ज्यांनी तो सिनेमा केला त्यांच्यावर अन्यायही आहे. यादीवरून दिसतं की निम्मी जागा त्यांनीच खाल्ली आहे. ओटीटीच्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेले सिनेमेही संग्रहात धरू नकोस. त्या फायली त्या ॲपबाहेर उघडत नाहीत आणि मुदत संपली की जातात.

दुसरी जात तू विकत घेतलेल्या ब्लू-रेंची. साधी ब्लू-रे २५ किंवा ५० जीबीची, फोर-केची १०० जीबीपर्यंत. डोळ्यांना मोठं सुख, पण चकती कपाटात आहे तोवर फाईल गेली तर पुन्हा काढता येईल. त्यांची एक जास्तीची प्रत पुरे.

तिसरी जात नानांची. २००७च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा नाना दर महिन्याला पिशवी भरून मराठी सिनेमे आणत. व्हीसीडीचं चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एका चकतीत सव्वा तास मावायचा, म्हणून मध्यंतराला उठून दुसरी चकती घालायची. आजच्या मोठ्या टीव्हीवर ते चित्र ओबडधोबड दिसतं हे खरंच. पण त्यातले काही सिनेमे पुन्हा कुणी बाजारात आणले नाहीत. ‘जैत रे जैत’ कुठेही मिळेल. १९७७चा, कर्नाळ्याच्या लिंगोबाच्या डोंगराखालच्या ठाकरांचा, आपल्या जिल्ह्याचा सिनेमा, त्याला चाहते पुष्कळ. ज्यांना चाहते नाहीत त्यांची काळजी तुला घ्यायची आहे. सगळे मिळून ते तुझ्या एका मोठ्या फोर-के सिनेमाइतकी जागा घेतात. आणि त्याच फोल्डरात वाडीचं चित्रीकरण आहे, वादळाच्या आदल्या वर्षी गौरींच्या नाचाला काढलेलं. मागे पोफळींची रांग दिसते, विहिरीवरचा रहाट दिसतो, नानी पडवीत सुपारी सोलताना दिसते. ते कुठल्या दुकानात मिळणार आहे? सहा टीबीतल्या ज्या दोनेकशे जीबींसाठी मी हे पत्र लिहिते आहे ते हे.

तेवढं क्लाउडवरही चढव. अख्खा संग्रह चढवायला जाशील तर अंगाशी येईल: घरच्या जोडणीला अपलोडचा वेग २० एमबीपीएस मिळत असेल तर सहा टीबीला न थांबता अठ्ठावीस दिवस लागतील, आणि मग दर महिन्याचं भाडं कायमचं मागे लागेल. दोनशे जीबी मात्र एका दिवसात चढतं.

डिस्क घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचार: सीएमआर आहे की एसएमआर? सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये जागा वाचावी म्हणून ते आपल्या घरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसं तिथे थोडं बदलायला बरंच पुन्हा लिहावं लागतं. एकदा भरून ठेवायच्या डिस्कला ते चालतं. पुढेमागे खरंच एनएएस घेतलास तर त्यात ती घालू नकोस. एनएएससाठीच्या ‘रेड’ (म्हणजे लाल) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्कमध्ये वेस्टर्न डिजिटलने एसएमआर वापरल्याचं २०२०मध्ये उघड झालं, तेव्हा लोक चिडले होते. नंतर कंपनीने सीएमआरवाल्यांना ‘रेड प्लस’ असं वेगळं नाव दिलं. एसएसडीच्या वेगाला भुलू नकोस. वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला ती नव्हे, पेशींतला भार हळूहळू गळतो.

टीव्हीपाशी लावायची डिस्क साडेतीन इंची असेल, तिला वेगळं अडॅप्टर लागतं, टीव्हीच्या यूएसबीवर ती फिरणार नाही. ते अडॅप्टर यूपीएसवर लाव. इन्व्हर्टर असला तरी लाव, कारण इन्व्हर्टरला विजेवरून बॅटरीवर यायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात डिस्क झटका खाते. मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या विजा सुरू झाल्या की सिनेमा संपल्यावर प्लग काढून ठेवायची सवय लाव. घराचं अर्थिंग खाऱ्या जमिनीत गंजलेलं असेल, एकदा इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घे. डिस्कवर खर्च करण्याआधी हे काम कर.

खरा शत्रू आपल्याकडे हवा आहे. नानांच्या चकत्यांवर बुरशीची जाळी तू पाहिलीच आहेस. साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून बारीक भोक असतं, त्याला गाळणी असते, पण दमट हवा आत-बाहेर होतच राहते. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क तेवढ्या पूर्ण बंद असतात. चालू डिस्क स्वतःच्या उष्णतेने कोरडी राहते. ओल धरते ती कपाटात पडून राहिलेली. आणि बाहेरची यूएसबीची पिन खाऱ्या वाऱ्यात हिरवी पडते ती वेगळीच. म्हणून दुसरी डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, रबर असलेल्या, आणि तळाशी निळ्या सिलिका जेलची पुरचुंडी टाक. खडे गुलाबी झाले की ओल भरली. मंद आचेवर भाजले की पुन्हा निळे होतात; त्यासाठी जुना तवा वेगळा ठेव, स्वयंपाकाचा घेऊ नकोस. डबा लोखंडी कपाटात नको आणि माळ्यावर तर मुळीच नको. मधल्या खोलीत, भिंतीतल्या फडताळात, गुडघ्याच्या वर. एसीच्या खोलीतून आणलेली डिस्क पावसाळ्यात लगेच चालू करायची नाही, तास-दोन तास तशीच राहू दे, नाहीतर आत दव धरतं.

एवढं करूनही एक भाग राहतो आणि लोक तोच विसरतात: प्रत उघडून बघणं. १९९८मध्ये अमेरिकेत ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेने संगणकावरचा बराचसा सिनेमा पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता हे कुणाला माहीतच नव्हतं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. घरून काम करता यावं म्हणून त्यांनी एक प्रत घरी नेलेली होती. एवढी मोठी कंपनी, आणि कामी आली ती घरातली प्रत. तेव्हा प्रत्येक फायलीचा चेकसम काढून एका साध्या मजकुराच्या फायलीत ठेव. चेकसम म्हणजे त्या फायलीच्या सगळ्या आकड्यांवरून काढलेली एक लांबलचक खूण. आतला एक बिट जरी बदलला तरी ती पार वेगळी येते. दर दिवाळीला तिन्ही डिस्कवर तो पुन्हा काढायचा आणि जुळवायचा. जिथे जुळला नाही ती फाईल दुसऱ्या डिस्कवरून आणायची. हे रात्रभर आपलं आपण चालतं, तुला फक्त सुरू करून झोपायचं आहे. डिस्क पाच-सहा वर्षांची झाली की तिच्यावर विसंबू नकोस, चालत असली तरी नवी घे आणि जुनीला जास्तीची म्हणून ठेव.

एनएएसला माझा कायमचा नकार नाही. वरच्या खोलीत दुसरा टीव्ही आला, तुझ्या बहिणीला तिच्या लॅपटॉपवर बघायचं असलं, तर दोन डिस्कची छोटी पेटी घे, बीटीआरएफएस किंवा झेडएफएस चालणारी, म्हणजे चेकसमचं काम ती स्वतः करत राहील. यूपीएसची यूएसबी तिला जोडली की बॅटरी संपत आल्यावर ती आपणहून नीट बंद होते. जोडणी मात्र वायरने कर. फोर-के ब्लू-रेचा प्रवाह १०० एमबीपीएसच्या वर जातो, आणि पुष्कळ टीव्हींचं लॅनचं पोर्टच १००चं असतं, तेव्हा टीव्ही घेताना ते बघ. पण ही पेटी या तीन डिस्कांच्या वर घ्यायची, त्यांच्या बदली नव्हे.

नानांच्या चकत्या आधी उतरवायला घे, बाकी सगळं नंतर. काही चकत्या अडकतील. त्या घासू नकोस, मऊ कापडाने मधून कडेकडे पूस, आणि एका ड्राइव्हने वाचली नाही तर दुसऱ्याने वाचून बघ; माझ्याकडचा जुना ड्राइव्ह मी काढून ठेवला आहे. ज्या अगदीच वाचत नाहीत त्यांची नावं लिहून पाठव, मी इथल्या जुन्या बाजारात शोधते. पावसाच्या आत पहिली फेरी व्हायला हवी. मेच्या सुट्टीत श्रीवर्धन-पुणे एसटीने येशील तेव्हा डिस्क टपावर किंवा डिकीत नको, कपड्यांत गुंडाळून मांडीवरच्या पिशवीत आण.

वहिनीला नमस्कार सांग. आंबे या वर्षी उशिरा आहेत असं ऐकते, तर डिस्क आंब्यांसाठी थांबवू नकोस.

तुझी,
आत्या