वेल्डिंगला जायचंय? जोडाची आतली बाजू शिका

मुलगा आयटीआयच्या वेल्डर ट्रेडचं नाव काढतो तेव्हा बहुतेक आईवडिलांच्या डोळ्यांपुढे गेट-ग्रिलचं दुकान येतं. ते कष्टाचं, मानाचंच काम आहे. पण या कौशल्याची मजल त्याच्या बरीच पुढे जाते.

दूध डेअरीत, औषध कारखान्यात स्टेनलेस स्टीलचे पाइप टिग पद्धतीने जोडतात. वर्कशॉपमध्ये तिला ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात. टॉर्चमधून येणारा आर्गन वितळलेल्या धातूला बाहेरून हवा लागू देत नाही. पाइपच्या आत मात्र हवा असतेच. त्या उष्णतेत स्टीलमधल्या क्रोमियमला ऑक्सिजन लागतो आणि जोडाच्या मुळाशी साखरेच्या दाण्यांसारखी काळी खरखर उठते. बाहेरून जोड देखणा दिसतो, आत दूध अडकतं, जंतू वाढतात, गंज धरतो.

म्हणून आतही आर्गन भरायचा. हे बॅक पर्जिंग. जोडाच्या दोन्ही बाजूंनी पाइप आतून बंद करायचा, हवेपेक्षा जड असलेला आर्गन खालून हळू सोडायचा आणि हवेला वरच्या छिद्रातून वाट द्यायची. जोरात सोडला तर तो हवेतच मिसळतो. हवेत सुमारे 21 टक्के असणारा ऑक्सिजन आत 0.1 टक्क्याच्या खाली आला, हे मीटरवर पाहूनच आर्क पेटवायचा. औषध कारखान्यांत मर्यादा याहूनही कडक असते. जोड पुरेसा निवेपर्यंत गॅस बंद करायचा नाही. हात सफाईदार असलेली मुलंही इथे घाई करून काम बिघडवतात. धीर असलेल्या मुलाचं हे क्षेत्र आहे.

पालकांनी धोकाही जाणून घ्यावा. आर्गनला वास नाही. टाकीसारख्या बंद जागेत तो साठला तर माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. ऑक्सिजन मोजल्याशिवाय आणि बाहेर सोबती असल्याशिवाय आत उतरायचं नाही, हे मुलाच्या अंगवळणी पडलंच पाहिजे.

वेल्डर ट्रेड एक वर्षाचा. आठवी पास मुलालाही अर्ज करता येतो. पुढे अप्रेंटिसशिप करावी आणि 45 अंशांत तिरक्या धरलेल्या पाइपची ‘सिक्स-जी’ चाचणी द्यावी. तिरुचिरापल्लीच्या वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटमध्येही प्रशिक्षण मिळतं.

खाजगी संस्थेत फी भरण्याआधी विद्यार्थ्यांनी जोडलेला एखादा पाइप उभा चिरून दाखवायला सांगा. आतला जोड काळा असेल, तर दुसरी संस्था बघा.