पोपटपंचीच्या पलीकडे



अर्थ न समजता घडाघडा म्हणून दाखवण्याला आपण पोपटपंची म्हणतो. वर्गात कुणी तसे उत्तर दिले की बाई लगेच टोकतात. पण स्वतः पोपट खरोखरच पोपटपंची करतो का? या अंकात हा प्रश्न घेण्याचे कारण आहे. गेल्या पालक सभेत दोन गोष्टी कानावर आल्या. शाळेच्या अंगणात पक्ष्यांचा पिंजरा असावा, अशी सूचना काही पालकांनी विश्वस्तांकडे केली. परीक्षा संपली की 'लव्हबर्ड'ची जोडी आणून देऊ, असे वचनही अनेक घरांत दिले गेले आहे. पक्षी घरी येण्याआधी त्याची नीट ओळख व्हावी, म्हणून शाळेच्या निसर्ग मंडळातर्फे आम्ही हा पाठ लिहीत आहोत.

बडोद्याला पोपटांचे कौतुक नवे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळी राजवाड्यात शिकवून तयार केलेले पोपट होते. चांदीची इवलीशी सायकल चालवून आणि छोटी तोफ डागून ते पाहुण्यांची करमणूक करीत. ते पोपट हुशार होते यात शंकाच नाही. पण पोपटाला आपले खेळ आणि आपले शब्द शिकवणे हा अभ्यासाचा अर्धाच भाग झाला. त्याचे बोलणे आपण शिकणे हा उरलेला अर्धा भाग, आणि पक्षी सांभाळायचा असेल तर तोच जास्त महत्त्वाचा.

कोणता पाळता येतो, कोणता नाही

सयाजीबागेत, शाळेच्या आवारात आणि वडाच्या झाडांवर कलकलाट करणारा हिरवा, लाल चोचीचा पोपट म्हणजे आपला राघू. नराच्या गळ्याला गुलाबी-काळी कंठी असते, मादीला ती नसते. हा आपला रानपक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. "आजोबांच्या घरी होता की!" हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही. बाजारात चोरून विकली जाणारी पिल्ले झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात, आणि त्यांतली कित्येक वाटेतच मरतात. घेणारा आहे म्हणून काढणारा आहे, हे आपण विसरू नये.

मग दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून मिळतात ते कोण? बहुतेक वेळा ते लव्हबर्ड नसतातच. खरे लव्हबर्ड आफ्रिका आणि मादागास्कर येथले, आखूड शेपटीचे आणि अंगाने भरलेले. आपल्याकडे त्या नावाने विकला जातो तो लांब शेपटीचा, पाठीवर लाटांसारख्या काळ्या रेघा असलेला बजरीगर. बाजरी खातो म्हणून बजरीगर असे अनेकांना वाटते. पण हे नाव ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या बोलीतून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे आले. जॉन गूल्ड या पक्षीशास्त्रज्ञाने १८४० साली जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले. तेव्हापासून पिढ्यानपिढ्या तो माणसाजवळ वाढत आला आहे. रानातला बजरीगर हिरवा-पिवळा असतो. निळे, पांढरे, राखाडी हे रंग माणसाने सांभाळलेल्या पक्ष्यांत आले.

बजरीगर आणि कॉकाटील हे परदेशी पक्षी पाळता येतात. लव्हबर्डच्या बहुतेक जाती, मकाव, आफ्रिकी करडा पोपट अशा अनेक परदेशी जातींची मात्र वनखात्याकडे ऑनलाइन नोंदणी करावी लागते. २०२२ ची कायदा दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनी ही नोंदणी सक्तीची केली आहे. पालकांनी दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर विसंबू नये.

थव्यातला जीव

बजरीगराचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम आणि लांबी सुमारे १८ सेंटिमीटर. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानावर हे पक्षी पावसाच्या आणि गवताच्या बियांच्या मागे थव्याने फिरतात. कधी कधी एका थव्यात हजारो पक्षी असतात. ससाणा आला तर थव्यातला पक्षी वाचण्याची शक्यता जास्त, एकटा पडलेला सापडतो. त्याच्या सगळ्या वागण्याची गुरुकिल्ली इथे आहे. 'माझा थवा कुठे आहे?' हा त्याचा दिवसभराचा प्रश्न असतो.

आपण खोलीबाहेर गेलो की तो ओरडतो, तो हट्ट नव्हे. थवा दिसेनासा झाला म्हणून तो साद घालतो. आपण आतून शीळ घातली की बहुधा शांत होतो. सकाळी आणि संध्याकाळी कलकलाट वाढतो, कारण थवा निघण्याच्या आणि परतण्याच्या वेळा त्या. पिंजऱ्यावर हात आपटून तो थांबत नाही, उलट भीती वाढते.

आता पोपटपंचीचा प्रश्न. एकत्र ठेवलेल्या बजरीगरांच्या हाका काही आठवड्यांत एकमेकींसारख्या होत जातात, आणि जोडी जमली की नर मादीची हाक उचलतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. म्हणजे नक्कल करणे ही त्यांच्यात आपलेपणाची खूण आहे. आसपास बजरीगर नसून फक्त माणसे असली तर तो माणसांची हाक शिकतो. अमेरिकेतील 'पक' नावाच्या नर बजरीगराची १,७२८ शब्दांची नोंद गिनीज बुकात आहे. तो १९९४ साली मेला. तेव्हा "मिठू मिठू" म्हणणारा पक्षी अर्थ सांगत नसेल, पण 'मी तुमच्यातला आहे' एवढे नक्की सांगत असतो. आपली पोपटपंची परीक्षेपुरती असते. त्याची जन्मभराची असते.

म्हणूनच एकटा बजरीगर ठेवायचा तर त्याचा थवा आपण व्हायचे, रोज आणि काही तास. ते जमणार नसेल तर दोन ठेवावेत. दोन पक्षी एकमेकांत रमतात आणि माणसासारखे कमी बोलतात. पण पक्षी सुखी असावा की बोलका असावा, याचे उत्तर अवघड नाही.

अंगाची भाषा

पक्षी शब्दांपेक्षा अंगाने जास्त बोलतो. पुढील खुणा पाठ करू नका, पाहून ओळखा.

संध्याकाळी एका पायावर उभा, पिसे जराशी सैल आणि चोच करकर घासतो आहे: तो निश्चिंत आहे, झोपेची तयारी चालली आहे.

पिसे अंगाला घट्ट चिकटलेली, मान ताणलेली, अजिबात हालचाल नाही: तो घाबरला आहे. पंखा, मांजर, घार, नवी वस्तू असे काही आहे का ते पाहा.

पंख अंगापासून दूर धरलेले, चोच उघडी, धाप लागलेली: त्याला उकडते आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा पिंजरा गच्चीत किंवा पश्चिमेच्या गॅलरीत ठेवणे जिवावर बेतते. सावली, खेळती हवा आणि उथळ भांड्यात अंघोळीचे पाणी हवे.

आरशासमोर मान हलवत दाणे बाहेर काढतो: तो आरशातल्या पक्ष्याला भरवतो आहे. तो पक्षी कधीच खात नाही, आणि हा थकतो. आरसा काढून टाकावा.

हात पुढे केला की चोच उघडतो, मागे सरकतो: तो 'नको' म्हणतो आहे. हे ऐकले नाही तर तो चावतो, आणि मग आपण त्याला 'चावरा' म्हणतो. हात पिंजऱ्याबाहेर ठेवून, त्यावर राळ्याचे कणीस धरून रोज दहा मिनिटे शांत बसावे. पक्षी स्वतः येईल तेव्हाच पुढचा धडा घ्यावा. यात दिवसही लागतील, महिनेही लागतील.

दिवसा दोन्ही पायांवर, पिसे फुगवून बसलेला, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होते, खाणे मंद: तो आजारी आहे. ही खूण सर्वांत महत्त्वाची. रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत पहिला भरतो. म्हणून पोपट आपला आजार शेवटपर्यंत लपवतो. तो आजारी 'दिसू' लागला म्हणजे बराच वेळ निघून गेलेला असतो. "उद्या बघू" म्हणू नये, त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

इथे गणिताचा उपयोग होतो. ग्रॅममध्ये मोजणाऱ्या छोट्या काट्यावर दर रविवारी पक्ष्याचे वजन करावे. ३५ ग्रॅमचा पक्षी साडेतीन ग्रॅमने उतरला, तर टक्केवारी किती? दहा. ५० किलोच्या माणसाचे पाच किलो उतरण्यासारखे ते आहे. डोळ्यांना न दिसणारा आजार वही दाखवते.

घर, अन्न आणि धोके

पिंजरा उंच नको, लांब हवा, कारण बजरीगर आडवा उडतो. जोडीसाठी निदान अडीच फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच. गजांमधील अंतर अर्ध्या इंचापेक्षा कमी. बसायला गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्यांऐवजी पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या. पोपटाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, आणि जाडी बदलली की पकडीला व्यायाम मिळतो. रात्री दहा-बारा तास शांतता आणि अंधार हवा. दूरदर्शन संचाशेजारी पिंजरा ठेवून हे साधत नाही.

खायला राळे, ज्याला आपल्या बाजारात कांग म्हणतात, आणि बाजरी. पण फक्त दाण्यांवर ठेवलेला पक्षी लठ्ठ आणि अशक्त होतो. रोज धुतलेली कोथिंबीर, मेथी, गाजर, मक्याचे कोवळे कणीस द्यावे. चुन्यासाठी समुद्रफेन टांगावा. चहा, चॉकलेट, अव्होकाडो, कांदा आणि खारट फरसाण कदापि देऊ नये.

घरातले तीन धोके लक्षात ठेवा. पहिला छताचा पंखा: पक्षी बाहेर सोडताना पंखा बंद, खिडक्या बंद. दुसरा धूर: उदबत्ती, धूप, डासांची कॉइल यांनी त्याच्या नाजूक फुप्फुसांना त्रास होतो, आणि अति तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकते. तिसरा धोका आपल्याला: पोपटाच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला तापाचा आजार होऊ शकतो. पिंजरा ओल्या फडक्याने पुसावा, हात साबणाने धुवावेत, आणि ताप-खोकला आला तर घरी पोपट आहे हे डॉक्टरांना सांगावे.

आणखी एक. पिंजऱ्यात मडके टांगले की अंडी आलीच. मादी एका वेळी चार ते सहा अंडी घालते, सुमारे १८ दिवसांत पिल्ले निघतात आणि पाचेक आठवड्यांत उडतात. जोडीची गर्दी व्हायला वर्ष लागत नाही. पिल्ले नको असतील तर मडके नको. जास्त झालेले पक्षी 'मुक्त' करणे ही दया नव्हे. पिंजऱ्यात जन्मलेल्या बजरीगराला आपल्या रानात अन्न शोधता येत नाही, आणि निळा-पिवळा रंग कावळ्या-शिक्र्यांना लांबून दिसतो.

विश्वस्त आणि पालकांना विनंती

बजरीगर चांगला सांभाळला तर पाच ते दहा वर्षे जगतो. चौथीत आणलेला पक्षी दहावीच्या परीक्षेतही घरी असेल. तेव्हा त्याचे पाणी कोण बदलणार, हे आज घरात ठरले नसेल तर पक्षी आणू नये.

शाळेतील पिंजऱ्याबाबत आमचे मत स्पष्ट आहे: तो नको. दिवाळीची सुटी तीन आठवड्यांची, उन्हाळ्याची पाच आठवड्यांची. ज्याचा थवा दर सुटीत नाहीसा होतो, त्या पक्ष्याकडून मुले काय शिकतील? त्याऐवजी तोच खर्च मातीच्या पाणपोईंवर करावा, आणि आवारातील जुन्या झाडांच्या ढोल्या असलेल्या फांद्या विनाकारण तोडू नयेत. राघू तिथेच घरटे करतो. उत्तरायणात मांजाने जखमी झालेला पोपट सापडला तर त्याला खोक्यात, अंधारात, शांत ठेवून १९६२ या क्रमांकावर कळवावे. बरा झाला म्हणून घरी ठेवून घेऊ नये.

करून पाहा

१. सलग सात दिवस सकाळी सात ते सव्वासात आवारातील राघूंचे निरीक्षण करा. किती आले, कुठून आले, कंठी असलेले किती, हे वहीत लिहा.

२. ज्यांच्या घरी बजरीगर आहे त्यांनी वर दिलेल्या सहा खुणांपैकी कोणत्या, कोणत्या वेळी दिसल्या याचा तक्ता करावा.

३. 'पोपटपंची' हा शब्द पोपटावर अन्याय करतो का? दहा ओळींत उत्तर लिहा. मात्र ते पाठ केलेले नको!

वह्या पुढील महिन्याच्या पहिल्या शनिवारी निसर्ग मंडळाकडे द्याव्यात. निवडक नोंदी पुढील अंकात छापू.