सुडी फोडण्याआधी

पावसात भिजलेली सोयाबीनची सुडी दोन दिवस ऊन पडलं की वरून खडखडीत दिसते. मळणीला मधला थर उपसला की मात्र कुबट वास येतो, काडावर पांढरा-काळा बुरा दिसतो आणि हडंब्यातून (मळणीयंत्रातून) भुशाबरोबर करडा धुरळा उठतो. त्यात नुसती माती नसते, बुरशीचे असंख्य बीजाणू असतात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. अशा वर्षी डागी मालाच्या भावाची चिंता सगळे करतात आणि ती रास्तच आहे, पण हडंब्याच्या तोंडाशी पेंढ्या टाकणाऱ्याच्या छातीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

बुरशी ओलाव्यात वाढते आणि कोरड्या वाऱ्यात, हलवाहलवीत उडते. म्हणून पाऊस उघडल्यानंतरचे सोंगणी-मळणीचे दिवस जास्त त्रासाचे. पानांवर ठिपके आणि करपा आणणारी अल्टरनेरिया माणसाला शिंका आणते, डोळे चुरचुरवते आणि दमा असलेल्याचा दमा उसळवते. ओल्या काडात वाढणाऱ्या अॅस्परजिलसचे बीजाणू तर जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचे. एका मिलिमीटरच्या ओळीत तीनशेहून अधिक मावतात, आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर उतरतात. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणं त्यांना अडवू शकत नाही.

हवेतली ही बुरशी मोजण्याचं काम आपल्याच मराठवाड्यात झालं आहे. मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एस. टी. टिळक यांनी हवा ओढून तिच्यातले बीजाणू चिकट पट्टीवर धरणारं यंत्र विकसित केलं. ते ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावाने ओळखलं जातं. पिकावरचे रोग आणि माणसाची अॅलर्जी हे दोन्ही प्रश्न त्या एका पट्टीवर एकत्र येतात.

आता यंदाच्या कामाचं. सोंगलेलं सोयाबीन ओलं असताना सुडी घालू नका. पसरून वाळवा, मगच रचा आणि ढग दिसले की ताडपत्री टाका. रचलेल्या सुडीत कोपरापर्यंत हात घालून पाहा. आत ऊब लागली तर ती तापते आहे. तेव्हा ती मोडून पुन्हा वाळवणं हाच उपाय. साठवणीच्या सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्क्यांच्या वर नको. जालना जिल्ह्यात भोकरदन-जाफराबादकडे मक्याची कणसं ओसरीत, झोपायच्या खोलीला लागून ढीग घालून ठेवतात. घरात दम्याचं माणूस किंवा लहान मूल असेल तर ढीग दुसरीकडे हलवा.

मळणीच्या दिवशी वाऱ्याकडे पाठ राहील असा हडंबा लावा, म्हणजे धुरळा पुढे जाईल. पेंढ्या टाकणाऱ्याने एन-९५ मास्क नाकाशी घट्ट बसवून वापरावा. भुसा झोडपणाऱ्या बाया आणि चाळणीवर बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही तो द्या. मजूर लावला असेल तर मास्क मालकाने आणावा, त्याच्या मजुरीतून नको. बुरशी लागलेलं कुटार हलवण्याआधी त्यावर पाणी शिंपडा. ते जनावरांना घालू नका, कंपोस्ट खड्ड्यात टाका. घरी आल्यावर कपडे बाहेर झटका आणि अंघोळ करूनच मुलांना जवळ घ्या.

ज्याला दमा आहे त्याने मळणीच्या दिवसांत डॉक्टरांनी दिलेला रोजचा पंप बंद करू नये. पंपाची सवय लागते ही भीती खोटी आहे, आणि तिच्यापायी माणसं ऐन हंगामात दवाखान्यात पोचतात.

आणखी एक आजार नीट ओळखायला हवा. बुरशी लागलेल्या काडाच्या धुळीत काम केल्यावर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला आणि धाप लागते, आणि एक-दोन दिवसांत बरं वाटतं. घरचे म्हणतात, हिवताप असेल, नाहीतर अंगमेहनतीचा ताप. पुन्हा धुळीत गेलं की पुन्हा तेच. हा फुप्फुसाचा दाह असतो. इंग्रजीत त्याला ‘फार्मर्स लंग’ म्हणतात. तो वारंवार झाला तर फुप्फुस कायमचं घट्ट होत जातं, आणि मग गोळ्यांनी ते मागे येत नाही. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर नुसता ताप आला असं सांगू नका. मळणी कधी केली, माल बुरशीचा होता का आणि ताप किती तासांनी चढला, हेही सांगा.