डावीकडे वळण्यासाठी हँडल उजवीकडे!

सायकलवरून बऱ्यापैकी वेगात जात असताना तुम्हाला डावीकडे वळायचे आहे. हँडल कोणत्या बाजूला फिरवाल? हा प्रश्न वर्गात विचारला की मुले हसू लागतात आणि 'डावीकडे!' असे एकमुखाने उत्तर येते. ते उत्तर चूक आहे. वळणाच्या सुरुवातीला, क्षणभर का होईना, हँडल उजवीकडे फिरावे लागते. तुम्ही सायकल शिकलात त्या दिवसापासून तुमचे हात हेच करीत आले आहेत. फक्त त्याची खबर तुमच्यापर्यंत पोहोचलेली नाही.

सायकल हलकी असते. अंग जरासे कलवले, ढुंगण सीटवर किंचित सरकवले, तरी ती वळायला लागते आणि हातांनी नेमके काय केले ते लपून राहते. दोनशे किलोंहून जड मोटारसायकलवर मात्र ते लपत नाही. मी अलीकडेच अशी एक मोटारसायकल घेतली, रॉयल एन्फिल्डची इंटरसेप्टर ६५०. साताऱ्याहून वाई आणि तेथून पसरणी घाटाने पाचगणी असा तिचा पहिला मोठा फेरा झाला. त्या फेऱ्यात हातांना, पायांना आणि छातीला जे जाणवले, त्यातले बरेचसे तुमच्या पाठ्यपुस्तकात आधीच छापलेले आहे.

ही मध्यम वजनगटातली, अंगावर वाऱ्याचे आवरण नसलेली उघडी गाडी आहे. इंजिन, नळ्या, साखळी सगळे समोर दिसते, त्यामुळे शिकवायला ती फार सोयीची. तिला शेजारी शेजारी उभी दोन सिलिंडरे आहेत. प्रत्येकाचा व्यास ७८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ६७.८ मिलिमीटर. दंडगोलाच्या घनफळाचे सूत्र वापरून दोन्हींचे मिळून घनफळ काढा. ६४८ घन सेंटिमीटर येते की नाही ते पाहा. २०१८ साली ती आपल्या देशात विक्रीला आली.

पहिला धडा गाडी सुरू करण्याआधीच मिळतो. इंधनासह तिचे वजन सुमारे २१७ किलो आहे. सरळ उभी धरली तर एका बोटावर तोलता येते, कारण तेव्हा गुरुत्वमध्य चाकांच्या बरोबर वर असतो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आणि हँडल एक मीटरवर आहे असे धरू. गाडी १० अंश कलली तर ती सावरायला हँडलपाशी सुमारे १९ किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. २० अंश कलली तर ३७ किलो. म्हणून अशी गाडी अंगणातून हलवताना ती कलू न देण्यातच सारे कौशल्य असते. एकदा कलली की पहिलवानसुद्धा हात टेकतो.

आता इंजिनाकडे वळू. या इंजिनाचे परिबल, म्हणजे दांडा फिरवण्याची क्षमता, जास्तीत जास्त ५२ न्यूटन-मीटर असते आणि ती मिनिटाला सुमारे ५२०० फेऱ्यांना मिळते. मेकॅनिक लोक याला 'टॉर्क' म्हणतात. जास्तीत जास्त शक्ती मात्र ४७ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ३५ किलोवॅट, आणि ती मिळते सुमारे ७२०० फेऱ्यांना. या दोन आकड्यांचा घोळ पुष्कळ जण करतात. शक्ती म्हणजे परिबल गुणिले कोनीय वेग. ५२०० फेऱ्यांना हा गुणाकार सुमारे २८ किलोवॅट येतो. ७२०० फेऱ्यांना परिबल ४६ न्यूटन-मीटरपर्यंत उतरलेले असते, पण फेऱ्या इतक्या वाढलेल्या असतात की गुणाकार ३५ वर जातो. मुठीखाली हा फरक स्पष्ट कळतो. आधी गाडी जोराने ओढते. पुढे ओढ किंचित कमी होते, तरी काम मात्र अधिक वेगाने उरकत असते.

एवढ्या शक्तीचे करायचे काय? आवरण नसल्यामुळे ताशी ८० किलोमीटरला वारा छातीवर सरळ दाब देतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. स्वारासह गाडीचे परिणामी क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर धरले तर ताशी ४० ला हा विरोध ४४ न्यूटन, तर ८० ला सुमारे १७८ न्यूटन होतो. त्यासाठी लागणारी शक्ती तर आठपट, अर्धा किलोवॅटवरून चार किलोवॅट. म्हणजे ३५ किलोवॅटपैकी चारच! साध्या १०० सीसी गाडीचे इंजिन सुमारे सहा किलोवॅटचे असते. तिला ताशी ८० ला धाप लागते, हिला कळतसुद्धा नाही.

उरलेली शक्ती वेग वाढवण्याकडे जाते, आणि काळजी करायची ती येथेच. ७० किलोच्या स्वारासह ही गाडी ताशी ४० वरून ८० वर न्यायची तर तिच्या गतिज ऊर्जेत सुमारे ५३,००० जूलची भर घालावी लागते. चाकापर्यंत सरासरी २० किलोवॅट पोहोचली तर हे काम पावणेतीन सेकंदांत होते. लहान गाडीपाशी हवा कापून दोन-अडीच किलोवॅटच उरतात. तिला चौदा-पंधरा सेकंद लागतात. त्या पंधरा सेकंदांत माणसाला विचार करायला सवड मिळते. पावणेतीन सेकंदांत ती मिळत नाही, आणि पुढचे वळण अंगावर आलेले असते.

वळणावर काय होते

पसरणी घाटातले एखादे वळण २५ मीटर त्रिज्येचे आहे असे धरा. वळताना अभिकेंद्री बल लागते आणि ते टायर व रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. हे बल गुरुत्वमध्याच्या खाली, रस्त्याच्या पातळीवर लागते, म्हणून सरळ उभी गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला उलटू पाहील. ती उलटू नये म्हणून आत कलावे लागते. किती? कलण्याच्या कोनाचे टॅन गुणोत्तर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या आणि गुरुत्व त्वरण यांचा गुणाकार. हिशेब करा. ताशी ३० किलोमीटरला कोन १६ अंश येतो, ४० ला २७, ५० ला ३८ आणि ६० ला ४९.

या सूत्रात वस्तुमान कोठेच नाही, हे लक्षात आले का? तुमची सायकल, शेजाऱ्यांची १०० सीसी गाडी आणि ही २१७ किलोची, सर्वांना त्या वेगाला त्या वळणावर सारखेच कलावे लागेल. जड गाडी वळणावर 'रस्त्याला धरून' राहते असे लोक म्हणतात. हे सूत्र त्यांना दाखवावे. शिवाय हेच टॅन गुणोत्तर म्हणजे रस्त्याने द्यायचा घर्षण गुणांकही होय. ५० ला तो ०.७९ लागतो, ६० ला १.१३. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर ०.८ च्या आसपास मिळतो, आणि वाळू पसरली असेल तर त्याच्या निम्माही नाही. ५० आणि ६० यांच्यात काट्याचा फरक बोटभर, पण त्या बोटभर अंतरात रस्ता हातचा सुटतो.

पण कलायचे कसे, हा मूळ प्रश्न राहिलाच. तळहातावर काठी उभी तोलण्याचा खेळ आठवा. काठी डावीकडे कलवायची तर तळहात कोणीकडे नेता? उजवीकडे. पाया उजवीकडे सरकला की माथा डावीकडे झुकतो. मोटारसायकलचा पाया म्हणजे टायर रस्त्याला टेकतात त्या दोन जागा. हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलली की हँडल उजवीकडे फिरते, चाके गुरुत्वमध्याखालून उजवीकडे निसटतात आणि गाडी डावीकडे झुकते. झुकल्यावर पुढचे चाक आपणहून डावीकडे वळते व वळण सुरू होते. हे सारे निमिषात घडते. जड गाडीवर अंग कलवून फारसे काही होत नाही. डाव्या मुठीवर दाब दिला की मात्र ती आज्ञाधारकपणे डावीकडे कलते. चालण्याच्या वेगाने गाडी फिरवताना हँडल वळणाच्या बाजूलाच फिरलेले दिसते. त्यामुळेच आपला गैरसमज पक्का होतो.

ही गोष्ट नवी नाही. उष्मागतिकीत ज्यांच्या नावाचे चक्र तुम्ही पुढे शिकाल त्या रँकिन यांनी १८६९ मध्येच, सायकल नुकती कोठे अवतरली होती तेव्हा, ती लिहून ठेवली. पुढे दुचाकी उभी राहते ती फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणधर्मामुळे, असे सांगण्याचा प्रघात पडला. डेव्हिड जोन्स यांनी १९७० मध्ये एका सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारे दुसरे चाक बसवून तो गुणधर्म नाहीसा केला, तरी ती सायकल हँडल धरून चालवता आली. २०११ मध्ये तर हा गुणधर्म नसलेली एक दुचाकी चौकट केवळ ढकलून सोडली असता स्वाराविना आपला तोल सावरते, असे संशोधकांनी दाखवले. साधी सायकल, पण तिचे गणित अजून पुरते संपलेले नाही.

घाटात याचे महत्त्व जिवाशी येते. डावे वळण आहे, वेग थोडा जास्त झाला आणि गाडी बाहेर, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला सरकू लागली. घाबरलेला स्वार हँडल डावीकडे ओढतो. परिणाम? चाके डावीकडे जातात, गाडी उजवीकडे सरळ होऊ लागते आणि आणखीच बाहेर फेकली जाते. त्या क्षणी डावी मूठ पुढे ढकलून गाडी अधिक कलवायला हवी असते, आणि घाबरलेल्या मनाला ते उफराटे वाटते.

पुढचा ब्रेक

'पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील.' घरातल्या वडीलधाऱ्यांचा हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो सायकलपुरता खराच आहे. सायकलस्वाराचा गुरुत्वमध्य उंच, सुमारे १.१ मीटर, आणि पुढच्या चाकापासून ६० सेंटिमीटरच मागे असतो. मंदन गुरुत्व त्वरणाच्या निम्म्याहून थोडे वाढले की मागचे चाक उचलते. आता मोटारसायकल घ्या. या गाडीच्या दोन चाकांतील अंतर १.४ मीटर आहे. स्वारासह गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटर उंच आणि चाकांच्या मधोमध मानला, तर ती उलटण्यासाठी गुरुत्व त्वरणापेक्षाही जास्त मंदन लागेल. कोरड्या रस्त्यावर ते सहसा मिळतच नाही.

उलट, जोराने थांबताना भार पुढे सरकतो. स्वारासह २८७ किलोंपैकी उभ्या स्थितीत प्रत्येक चाकावर सुमारे १४३ किलो. दर सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद या मंदनाने थांबताना पुढच्या चाकावर २३८ किलोंचा भार येतो आणि मागच्यावर उरतो ४८ चा. घर्षण भारावर अवलंबून असते. जो फक्त पायाचा ब्रेक वापरतो तो जवळजवळ रिकाम्या चाकाकडून थांबण्याची अपेक्षा करतो. ते चाक अडकते आणि घसरते. दोन्ही ब्रेक नीट वापरले तर या मंदनाने ताशी ४० ला ९ मीटरांत आणि ८० ला ३५ मीटरांत गाडी थांबते. एक सेकंद भान येण्यात गेला तर त्यात अनुक्रमे ११ आणि २२ मीटर मिळवा. चाक अडकू न देणारी ए.बी.एस. ही योजना आपल्याकडे १२५ सीसींवरील सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून सक्तीची आहे. ती चाक अडकू देत नाही. पण पुढचा ब्रेक दाबायचे काम हातालाच करावे लागते. ऐन वळणात मात्र, गाडी कललेली असताना, घर्षणाचा बराचसा साठा वळण्यातच खर्च झालेला असतो. म्हणून ब्रेक वळणाआधी.

अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघात घटनास्थळी जाऊन तपासले. १९८१ च्या त्यांच्या अहवालात स्वारांविषयी दोन गोष्टी ठळक आहेत. बहुतेकांनी मागचे चाक घसरेपर्यंत दाबले आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरला नाही. आणि उलट हँडल देऊन गाडी झटकन बाजूला काढणे जवळजवळ कोणालाच जमले नाही. दोन्ही सवयी सायकलच्या सीटवरून आलेल्या दिसतात.

गिअरच्या गाडीचा परवाना तुम्हाला अठराव्या वर्षी मिळेल. तोवर सायकलवर एक प्रयोग करता येईल. शिक्षकांनी शाळेच्या फरसबंद अंगणात तो घडवून आणावा. जमिनीवर खडूने एक सरळ रेघ आखा आणि तिच्या सुरुवातीला पाण्याचा पट्टा ओता. विद्यार्थ्याने पट्ट्यातून मध्यम वेगाने जावे आणि रेघेवरून सरळ जात असताना शिट्टी वाजताच डावीकडे वळावे. पाणी वाळण्याआधी टायरचा ओला माग पाहा. डावीकडे जाण्यापूर्वी तो रेघेच्या उजवीकडे किती सेंटिमीटर गेला ते पट्टीने मोजा. मग सायकलचा वेग वाढवून तीन-चार वेळा हेच करा, आणि अंतर वाढते की घटते त्याचा आलेख काढा.