मातीच्या पाटीवरची गोष्ट

तुम्हाला आता वाचता येतं. रामाची, पांडवांची गोष्ट तुम्ही आजवर कानांनी ऐकलीत. आता ती डोळ्यांनीही वाचाल. पण जगात आणखी पुष्कळ लोक होऊन गेले. त्यांचेही देव होते, राजे होते, राक्षस होते. त्यांच्या गोष्टी वाचायच्या तर सुरुवात कुठून करावी?

काही जण देवांच्या नावांपासून सुरुवात करतात. ग्रीकांचा हा देव, मिसरचा तो देव, असं पाठ करीत बसतात आणि चार दिवसांत कंटाळतात. तसं करू नये. पाहुणा दारी आला की आपण आधी पाणी देतो. त्याची वंशावळ विचारीत नाही. एकच गोष्ट घ्यावी आणि ती शेवटपर्यंत वाचावी.

आज आपण गिल्गामेशची गोष्ट घेऊ. नाव अवघड आहे. बोट ठेवून तोडून वाचा: गिल्-गा-मेश.

आज ज्याला इराक म्हणतात, त्या देशात उरुक नावाचं शहर होतं. गिल्गामेश तिथला राजा. अंगात बळ अफाट, पण प्रजेला फार छळी. लोकांनी देवांकडे गाऱ्हाणं नेलं. तेव्हा देवांनी राजाच्या तोडीचा एक रानमाणूस घडवला. त्याचं नाव एन्किडू. दोघे झुंजले आणि मग जिवाभावाचे मित्र झाले. दोघांनी मिळून देवदाराच्या रानाचा राखणदार हुंबाबा मारला. देव कोपले. एन्किडू आजारी पडला आणि मेला.

राजाला मित्राचं प्रेत सोडवेना. एक दिवस आपणही असेच मरणार, हे भय त्याच्या मनात शिरलं. मरण चुकवायचा उपाय शोधीत तो रानोमाळ हिंडला. शेवटी उत-नपिश्तिम नावाच्या म्हाताऱ्याकडे पोचला. महापुरात नावेत बसून हा वाचला होता आणि देवांनी त्याला अमर केलं होतं. म्हातारा म्हणाला, सहा दिवस आणि सात रात्री जागून दाखव. राजा बसला, आणि बसल्या जागीच झोपला! म्हाताऱ्याची बायको रोज एक भाकर भाजून त्याच्या उशाशी ठेवी. जागा झाल्यावर राजा म्हणतो, माझा आत्ताच कुठं डोळा लागला होता. मग त्याला भाकरी मोजायला लावल्या. पहिली वाळून कडक झालेली, एकीवर बुरशी, आणि सातवी अजून निखाऱ्यावर.

पुढं त्याला पाण्याच्या तळाशी एक वनस्पती मिळाली. ती खाल्ली की म्हातारा तरुण होई. राजा वाटेत अंघोळीला उतरला, तेवढ्यात सापानं ती पळवली आणि कात टाकून तो निघून गेला. राजा रडला. रिकाम्या हातानं उरुकला परतला आणि बरोबरच्या नावाड्याला आपल्या शहराचा तट दाखवू लागला.

ही गोष्ट ओल्या मातीच्या पाट्यांवर काडीनं खुणा दाबून लिहिलेली होती. निनवे शहरात असुरबनिपाल राजाचं ग्रंथालय होतं. इ. स. पूर्व ६१२ मध्ये ते शहर शत्रूंनी जाळलं. कागद असता तर राख झाली असती, माती टिकली. पुढं एकोणिसाव्या शतकात खोदकाम झालं आणि तुकडे लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेले.

ते वाचले कुणी? जॉर्ज स्मिथ नावाच्या कारागिरानं. चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली होती. नोटा छापण्याचे ठसे कोरायला तो शिकत होता. जेवणाच्या सुटीत तो म्युझियममध्ये जाई. ती लिपी तो आपली आपणच शिकला. पुढं म्युझियमनं त्याला नोकरीवर घेतलं, आणि १८७२ साली त्या तुकड्यांत त्याला महापुराची हकिकत सापडली.

पुराचा भाग वाचताना तुम्हाला मनू आणि मासा आठवेल. ख्रिस्ती शेजाऱ्याला नोहाचं तारू आठवेल. कुणी कुणाची उचलली, हा वाद आधी नको. फरक पाहा. मनूला मासा सावध करतो. इथं देव कुडाच्या भिंतीशी बोलतो आणि माणूस आतून ऐकतो. मनूची नाव मासा ओढून नेतो. इथं पूर ओसरला का ते पाहायला पाखरं सोडतात. कबुतर परत येतं, पाकोळी परत येते. कावळा येत नाही.

आज रात्री ही गोष्ट घरी कुणाला तरी सांगा. भाकरींचा भाग गाळू नका.