थकून थांबलेल्याचे परतणे

बगदादच्या निजामिया मदरशाचे प्रमुख अध्यापक इमाम गझाली (रह.) यांची जीभ हिजरी ४८८ मध्ये, म्हणजे इ.स. १०९५ साली, शिकवताना चालेनाशी झाली. अन्न पचेना, शक्ती क्षीण झाली. वैद्यांनी सांगितले की विकार अंतःकरणाचा आहे. त्यांनी पद सोडले आणि सुमारे अकरा वर्षांनी निशापूर येथे पुन्हा अध्यापन स्वीकारले.

बँका, लेखापरीक्षण, गुंतवणूक या क्षेत्रांतील आपली अनेक मुले-मुली आज अशाच अवस्थेतून जातात. मार्चअखेरच्या जागत्या रात्री, मग राजीनामा. घरची मंडळी म्हणतात, सब्र कमी पडला. हे बोलणे अन्यायाचे आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज उपवास व रात्रभर नमाज करीत, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शरीराचा, डोळ्यांचा आणि पत्नीचा हक्क सांगून त्यांना आवरले. जिथे इबादतीलाही मर्यादा आहे, तिथे कंपनीच्या ताळेबंदाला अमर्याद रात्री कशा द्याव्यात? उपचार घेणे तर सुन्नतच आहे.

प्रकृती सावरली की घरभाडे आणि मुलांची फी समोर उभी राहते. कुटुंबाचे पोषण टाळणे म्हणजे तवक्कुल नव्हे. परतावेच लागते. प्रश्न आहे, कोणत्या खुर्चीकडे?

गझालींनी आत्मकथनात लिहिले आहे की आपले परतणे हे खरे परतणे नव्हते. पूर्वी प्रतिष्ठा मिळवून देणारी विद्या शिकवीत होतो, आता प्रतिष्ठेचा मोह सोडवणारी. त्यापूर्वी त्यांनी सत्पुरुषांशी मशवराही केला होता.

सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस आहे, तीत व्याज घेणारा, देणारा, तो करार लिहिणारा आणि त्याचे साक्षीदार यांना एकाच पंक्तीत बसवले आहे. म्हणून व्याजी कर्जाचे करार तयार करणारे टेबल आणि कारखान्याचा पगारपत्रक-विभाग एकसारखे नाहीत. प्रत्येक थकव्यामागे हेच कारण असते असे नाही. पण काहींची झोप केवळ कामाच्या तासांनी उडालेली नसते, असे माझे मत आहे.

नव्या जागी होकार देण्यापूर्वी कामाचे तास आणि जुम्याच्या नमाजची सवलत लेखी मागावी. पतीपत्नीने घरखर्चाची वही एकत्र तपासावी. जुन्या पगाराचा बराच भाग गरजेपेक्षा लोकांच्या नजरेसाठी खर्च होत असे, हे पुष्कळदा तिथे दिसते. तो वजा केला की कमी पगाराची, कमी तासांची जागाही पत्करता येते. मग दोन रकअत इस्तिखाऱ्याची नमाज अदा करून उत्तर कळवावे.