खांद्यापुढची गाठ डागू नका, आधी ताप मोजा

पावसाने गोठे ओले झाले की संकरित गाईंच्या तापाच्या तक्रारी सुरू होतात. यंदा त्यांतल्या बऱ्याच तक्रारींची सुरुवात एकाच वाक्याने होते आहे: "साहेब, गाईच्या खांद्यापुढं गाठ आलीया, लम्पीच असंल." २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगावच्या रावेर तालुक्यात लम्पी दिसला आणि पुढे राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले, सोलापूर जिल्ह्यातही अनेकांची दावण रिकामी झाली. ती धास्ती अजून मनात आहे, हे समजू शकतो. पण त्या धास्तीपायी दुसराच रोग नजरेआड होतो आहे. कातडीवर एकही गाठ नाही, खांद्यापुढची गाठ मात्र फुगली आहे, ताप १०५ च्या घरात आहे आणि गाय एचएफ किंवा जर्सी रक्ताची आहे, तर पहिला संशय गोचीड तापाचा, म्हणजे थायलेरिओसिसचा घ्या. लम्पीची लस या रोगावर चालत नाही.

खांद्यापुढे हाताला लागते ती नव्याने आलेली गाठ नव्हे. ती लसिका ग्रंथी आहे आणि प्रत्येक जनावराला जन्मापासून असते. शरीरभर रक्तवाहिन्यांखेरीज लसिकावाहिन्यांचे जाळे असते. कातडी, स्नायू, कास यांतून निघालेला पातळ द्रव या वाहिन्यांतून वाहतो आणि रक्तात मिसळण्याआधी त्याला ग्रंथीचा तपासणी नाका ओलांडावा लागतो. अनेक वाहिन्या ग्रंथीच्या बाहेरच्या अंगाने आत शिरतात. गाळला गेलेला द्रव एका खाचेतून बाहेर पडतो. बाहेरच्या थरात रोगाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचे पुंजके असतात, त्याखालच्या थरात जंतूची लागण झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पेशी असतात आणि गाभ्यात जंतू गिळणाऱ्या पेशी असतात. जंतू आला की या पेशी झपाट्याने वाढतात, म्हणून ग्रंथी फुगते.

प्रत्येक ग्रंथीचा इलाका ठरलेला आहे. जबड्याखालची ग्रंथी तोंड आणि नाक सांभाळते, खांद्यापुढची मान, खांदा आणि पुढचा पाय, मांडीपुढची कुशीची आणि मांडीची कातडी, तर कासेमागची कास. दगडीच्या आजारात कासेमागची ग्रंथी मोठी होते ती यामुळेच. कोणती ग्रंथी फुगली यावरून दुखणे कुठे आहे याचा अंदाज घेता येतो.

गोचीड तापाचा घात असा, की यातला परजीवी ग्रंथीतल्या पांढऱ्या पेशींनाच आपले घर करतो. हायलोमा जातीची गोचीड चावते तेव्हा तिच्या लाळेतून तो शरीरात शिरतो, चाव्याला जवळच्या ग्रंथीत पोहोचतो आणि पांढऱ्या पेशीत बसून तिलाच विभागायला लावतो. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होतात आणि प्रत्येकीत परजीवी असतो. पुढे तो तांबड्या पेशींत जातो. मग डोळ्यांच्या कडा फिकट पडतात, पुढे पिवळ्या होतात, गाय धापा टाकते, दूध आटते. या टप्प्यावर बोलावलेला डॉक्टर फार काही करू शकत नाही. आपली खिल्लार जनावरे हा रोग बरीच सोसतात. संकरित गाय आणि तिचे वासरू सोसत नाही.

म्हणून ग्रंथी हाताने ओळखायला शिका. गाईच्या बाजूला उभे राहा. खांद्याच्या सांध्यापुढे, मान जिथे खांद्याला मिळते तिथे, बोटे सपाट दाबून मागेपुढे सरकवा. कातडीखाली लांबट, बोटांखालून निसटणारी ग्रंथी लागेल. दोन्ही बाजू चाचपा आणि गाय निरोगी असतानाच हाताला त्याची सवय करा. लम्पीतही हीच ग्रंथी फुगते, पण त्यात ताप आल्यावर दोन-तीन दिवसांत कातडीवर घट्ट, गोल गाठी उठतात. लघवी कॉफीच्या रंगाची झाली असेल, तर बबेसिओसिस या गोचिडीमुळेच होणाऱ्या दुसऱ्या रोगाचा संशय धरा. खात्री प्रयोगशाळेतच होते. डॉक्टर सुईने ग्रंथीतला थेंबभर द्रव काढून काचपट्टीवर पसरतात. गिम्सा रंग दिल्यावर पांढऱ्या पेशींत परजीवीचे निळे कण दिसतात. सोबत कानाच्या शिरेतले रक्त द्या. नमुना औषध देण्याआधी घ्यायला हवा.

आता जे चालले आहे ते स्पष्ट लिहितो. फुगलेल्या ग्रंथीवर तापल्या सळईने डाग देणे, बिब्बा लावणे, ब्लेडने चिरणे हे उपचार नव्हेत. ग्रंथीत पू साठलेला नसतो, तिथे लढणाऱ्या पेशी असतात. डागल्याने परजीवी मरत नाही. जखम होते, त्यात माश्या बसतात आणि आधीच अशक्त गाय आणखी खचते. मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवर पहिल्या वेताची गाय पाहिली होती. दोन्ही खांद्यांपुढे डागाच्या फुल्या, जखमांत अळ्या, ताप १०६. डागून चार दिवस झाले होते आणि त्या चार दिवसांत योग्य औषध मिळाले असते तर ती वाचली असती. डागणाऱ्या माणसाला पैसे मिळाले, गाय मात्र गेली.

दुसरी सवय याहून घातक आहे: ताप उतरावा म्हणून मेडिकलमधून स्टेरॉइडचे इंजेक्शन आणून टोचणे. स्टेरॉइडने ताप उतरतो, गाय एक दिवस वैरण खाते, मालक निर्धास्त होतो. पण ज्या पेशींनी लढायचे त्याच त्याने दबतात आणि परजीवीला रान मोकळे मिळते. या रोगावर बुपारव्हाकोन हे औषध आहे. ते महाग आहे, वजन पाहून डॉक्टरांनीच द्यायचे आहे आणि पहिल्या एक-दोन दिवसांत दिले तर बहुतेक गाई वाचतात. उशिरा दिलेल्या औषधाला दोष देऊ नका.

गोचिडीसाठी डाळिंबावरचे उरलेले कीटकनाशक जनावरावर मारणाऱ्यांना एकच सांगतो: तुम्ही विष टाकत आहात. सांगोल्याकडे एक कालवड अशा फवारणीनंतर तोंडातून लाळ गळत, थरथरत पडलेली पाहिली आहे. जनावरासाठीचे अमिट्राझ १२.५ टक्के लिटरभर पाण्यात २ मिली घ्या. फवारणीआधी पाणी पाजा, उन्हात फवारू नका, घोड्यावर हे औषध कधीही वापरू नका. फवारणी फक्त अंगावर करून भागत नाही. पोट भरलेली मादी गळून पडते आणि दगड-मातीच्या भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली हजारो अंडी घालते. फटी सिमेंटने बुजवा, भिंतीवरही फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा फवारा. फटी जाळायच्या असतील तर कडब्याची गंज आधी लांब हलवा.

सगळ्यात स्वस्त उपाय तुमच्या हातात आहे. गोचीड चिकटल्यावर तिच्या लाळेत रोग पसरवण्याजोगा परजीवी तयार व्हायला साधारण दोन दिवस लागतात. रोज धारेच्या वेळी कान, पोळी, कास, शेपटीखाली हात फिरवून गोचीड काढली, तर बहुतेक वेळा रोग शिरण्याआधीच थांबतो. काढलेली गोचीड उकिरड्यावर टाकू नका, रॉकेलमध्ये बुडवून मारा. बाजारातून आणलेली गाय दोन-तीन आठवडे वेगळी बांधा आणि तिचा ताप रोज मोजा.

थर्मामीटर घरात ठेवा. गाईचा ताप १०३ च्या वर गेला आणि खांद्यापुढची ग्रंथी फुगलेली लागली, तर त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ वर फोन करा. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.